डॉक्टर भाऊ दाजी लाड

घाटघरची मंडळी नाणेघाटाच्या लेण्यात लहानपणापासून जातात. भिंतीवरची अक्षरं बोटाने चाचपून पाहतात, घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात डोकावतात आणि जीवधनकडे पाहत घरी येतात. तिथे राणी नागनिकेचा लेख आहे, एवढं आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा लेख वाचून जगापुढे मांडणारे पंडित भगवानलाल इंद्रजी ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं पदरचे पैसे देऊन लेणी, शिला आणि ताम्रपट धुंडाळत फिरवलं, ते पेशाने डॉक्टर होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्या डॉक्टरांचं चरित्र यंदाच्या दत्तजयंतीच्या अंकासाठी लिहावं असं मनात आलं. संतचरित्रं आपण दरवर्षी वाचतोच. हे चरित्र संताचं नाही. चुकलेल्या, बुडालेल्या, तरी कामाचा ध्यास न सोडलेल्या एका प्रपंची माणसाचं आहे.

त्यांचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जग त्यांना भाऊ दाजी म्हणून ओळखतं. घरात ते भाऊ, वडील दाजी, म्हणून भाऊ दाजी. जन्म १८२२ सालचा, गोव्यातल्या पेडणे भागात मांद्रे गावी, गौड सारस्वत कुटुंबात. घरची परिस्थिती अगदी बेताची. वडील मातीच्या बाहुल्या विकत असत, असं त्यांच्याविषयी लिहून ठेवलेलं आहे. पुढे हे बिऱ्हाड मुंबईला आलं. त्या काळी कोकणातून आणि गोव्यातून गलबतात बसून मुंबईला पोट भरायला येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नवलाची गोष्ट पुढे घडली. पोरगा बुद्धिबळात भारी हुशार. त्याचा खेळ एका इंग्रज साहेबाच्या नजरेस पडला आणि त्याने वडिलांना गाठून सांगितलं की याला इंग्रजी शिकवा. वडिलांनी ऐकलं. बाहुल्या विकणाऱ्या बापाने हाताशी आलेला मुलगा धंद्याला न लावता शाळेत घालणं, हा त्या घरातला पहिला मोठा त्याग समजला पाहिजे. चरित्रकार बुद्धिबळाची गोष्ट रंगवून सांगतात आणि बापाची एका ओळीत उरकतात. मला बापाचीच मोठी वाटते.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भाऊ शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. रसायन आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय. या सुमारास सरकारने काठेवाड आणि कच्छ भागातल्या रजपूत घराण्यांत मुलगी जन्मताच मारण्याची जी चाल होती, तिच्याविरुद्ध निबंध मागवले. भाऊंच्या निबंधाला बक्षीस मिळालं. पंचविशीच्या आतबाहेरचा मराठी मुलगा, इंग्रजीत, आणि विषय असा! त्या निबंधापासून शेवटपर्यंत मुलींच्या बाजूने उभं राहणं हा त्यांच्या आयुष्यातला एक न तुटलेला धागा आहे.

आता मुंबईत डॉक्टरी शिकण्याची कथा थोडी मागून सांगायला हवी. १८२६ साली मुंबईत देशी मुलांसाठी एक वैद्यक शाळा निघाली होती. तिचे प्रमुख डॉक्टर मॅक्लेनन. त्यांनी वैद्यकाची पुस्तकं मराठीत उतरवून घेतली, मुलांना आपल्या भाषेत शिकवलं. पण सहा वर्षांत, १८३२ साली, सरकारने ती शाळा बंद केली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी पुन्हा मनावर घेतलं, पण १८३८ साली दापोडीला त्यांना मृत्यू आला. त्यांच्या नावाने कॉलेज काढायचं ठरलं. सर जमशेटजी जीजीभाई यांनी इस्पितळासाठी एक लाख रुपये दिले, १८४३ साली पाया घातला गेला, आणि १ नोव्हेंबर १८४५ रोजी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. मुख्य डॉक्टर चार्ल्स मोरहेड. आजही भायखळ्याजवळ जे. जे. इस्पितळ म्हटलं की टॅक्सीवाला विचारत नाही, ते हेच.

भाऊ तेव्हा नोकरीत होते, पगार चालू होता. तरी ते पुन्हा विद्यार्थी झाले. मास्तराने उठून बाकावर जाऊन बसायचं, तेही कशासाठी, तर प्रेत फाडून शिकायच्या विद्येसाठी. आज हे वाचताना काही वाटत नाही. तेव्हा प्रेताला हात लावला तर घरात घेण्याआधी स्नान, कुणाकडे प्रायश्चित्त, आणि जातीत कुजबुज. कलकत्त्याला मधुसूदन गुप्तांनी १८३६ साली पहिल्यांदा प्रेतावर शस्त्र चालवलं, त्याचा केवढा गाजावाजा झाला होता. मुंबईच्या पहिल्या मुलांपुढेही हीच भिंत होती आणि ती त्यांनी ओलांडली. १८५१ साली पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. आठजण. त्यांत भाऊ दाजी, पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंग, वनस्पतिशास्त्रात नाव काढणारे गोव्याचे लिस्बोआ, अनंत चंद्रोबा, काही पारशी आणि ख्रिस्ती तरुण. हिंदू, पारशी, ख्रिस्ती एका टेबलाभोवती एकच शरीर शिकले. आतून सगळे सारखेच असतात, हे आपण कीर्तनात ऐकतो. या पोरांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. भाऊंचा खाजगी व्यवसायही जोरात होता. सकाळी पैसेवाल्याच्या वाड्यावर बग्गीतून जायचं आणि दवाखान्यात फुकट औषध द्यायचं, हे दोन्ही एकाच डॉक्टरच्या दिवसात बसायचं. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांचीही रीत हीच होती, श्रीमंताकडून घ्यायचं आणि गरिबाकडून नुसता नमस्कार.

कॉलेजातून बाहेर पडले तरी भाऊंच्यातला मास्तर काही गेला नाही. ते सरकारी शिक्षण मंडळात होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा कायद्यातच ज्यांची नावं फेलो म्हणून घातली होती, त्यांत जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ दाजी होते. म्हणजे या इलाख्यात कुणी काय शिकायचं, परीक्षा कशी घ्यायची, हे ठरवणाऱ्या पहिल्या बैठकीपासून त्यांचा हात त्यात होता. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या साहित्य व शास्त्र सभेचे ते पहिले देशी अध्यक्ष झाले. ही सभा मुलींच्या शाळा चालवीत असे. लोक मुलींच्या शाळेला नाकं मुरडत तेव्हा हा नामांकित डॉक्टर तिथे उघडपणे जाऊन बसे. पुढे त्यांच्या मित्रमंडळींनी निधी जमवून त्यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली. डॉक्टरला पुतळा नको, शाळा द्या, असं कुणाला तरी सुचलं, ते योग्यच सुचलं.

ग्रँट कॉलेजातही १८६१ च्या सुमारास मराठी आणि गुजराती भाषेतून वैद्यक शिकवण्याचे वर्ग निघाले. कॉलेजातून तयार झालेली आपलीच माणसं तिथे शिकवू लागली. डॉक्टर सखाराम अर्जुन हे त्यांतलं मोठं नाव. ज्या विद्येसाठी भाऊंच्या पिढीला आधी इंग्रजीचा घाट चढावा लागला, ती दहाएक वर्षांत मराठीत उतरली. पहिल्या आठांनी वाट पाडली नसती तर हे इतक्या लवकर झालं नसतं, असं माझं मत आहे.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन निघाली, तिच्या चिटणिसांत भाऊ होते. लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडण्याचं काम ही संस्था करी. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. फोटो काढण्याची कला मुंबईत नवीन आली तेव्हा १८५४ साली निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटीतही हे दोघे भाऊ हजर. नाटकवाल्यांना मदत, बागेसाठी धावपळ, सगळीकडे भाऊ. एवढी सगळी कामं एका माणसाने अंगावर घेणं शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न मनात येतोच.

राणीच्या बागेतलं म्युझियम मात्र सांगितलंच पाहिजे, कारण आपण मुलांना घेऊन तिथे जातो. मुंबईच्या किल्ल्यात एक जुना वस्तुसंग्रह होता. १८५७ च्या धामधुमीत जागा फौजेला हवी म्हणून तो उचलून बाहेर टाकण्यात आला. डॉक्टर जॉर्ज बर्डवूड यांनी वाचल्या तेवढ्या वस्तू वाचवल्या. मग बर्डवूड, भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी नव्या इमारतीसाठी वर्गणी उभी केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी पायाभरणी झाली, आणि पैशांची ओढाताण होत होत १८७२ च्या मे महिन्यात ते लोकांसाठी उघडलं. तेव्हा नाव राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं. १९७५ साली ते बदलून डॉक्टर भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. राणीचं नाव जाऊन बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचं नाव तिथे लागलं, आणि त्या संग्रहालयात मातीच्या बाहुल्याही मांडलेल्या आहेत!

आता एका अवघड प्रसंगाकडे वळतो. दत्तसंप्रदायाच्या अंकात तो घ्यावा की नाही, असा विचार झाला. पण गुरूला मानणाऱ्या माणसानेच तो वाचायला हवा, असं वाटलं. १८६० साली करसनदास मुळजी नावाच्या गुजराती संपादकाने सुरतेच्या एका महाराजांच्या अनाचाराविषयी आपल्या पत्रात लिहिलं. महाराजांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला, पन्नास हजार रुपयांचा. १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो चालला. सबंध शहर ढवळून निघालं. भाटिया आणि बनिया समाजाने आपसांत ठरवलं की महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही. अशा वेळी भाऊ दाजींना साक्षीला बोलावण्यात आलं, कारण ते त्या महाराजांचे डॉक्टर होते. त्यांनी शपथेवर सांगितलं की मी त्यांच्यावर गरमीच्या रोगाचे उपचार केले. पावित्र्याच्या सगळ्या बाता त्या एका वाक्यापुढे टिकल्या नाहीत. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

रोग्याचं गुपित डॉक्टरने बाहेर बोलू नये, ही वैद्यकाची जुनी शिस्त आहे. भाऊंना ती ठाऊक नव्हती असं नाही. पण शपथेवर विचारलं असता गप्प बसणं म्हणजे ज्या बायकामुली फसवल्या गेल्या त्यांच्याविरुद्ध उभं राहणं, असाही दुसरा पक्ष आहे. दोन धर्मांत पेच पडला म्हणजे मोठ्या धर्माकडे जावं, असं आपली पुराणं शिकवतात. मोठा धर्म कोणता, हे मात्र ज्याने त्याने त्या क्षणी ठरवायचं असतं. भाऊंनी ठरवलं. धनिक रोगी त्या दोन समाजांतही होते, त्यांची नाराजी ओढवेल हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? आणि एक गोष्ट खरी, की त्या खटल्यात भक्तीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. भक्तीच्या आडून चाललेल्या वागण्यावर ठेवलं होतं. आपल्या संप्रदायात गुरूची खूण वैराग्य ही सांगितलेली आहे. त्या मापाने मोजलं तर भाऊंच्या साक्षीने कुठल्याच खऱ्या गुरूला धक्का लागत नाही.

यानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांच्यावर संकट कोसळलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहू लागला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरची किंमत पन्नास हजारांच्या घरात गेली. वकील, डॉक्टर, कारकून, भटजी, सगळे शेअरच्या मागे. भाऊही त्यात सापडले. १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि हा फुगा फुटला. पंधरा वर्षांची कमाई गेली. एवढा बुद्धिमान माणूस, वराहमिहिराचा काळ ठरवणारा, पण बाजाराचा काळ त्याला ठरवता आला नाही. आमच्या पिढीनेही दामदुप्पट योजनांत पेन्शन घालवणारे शिकलेसवरलेले लोक पाहिले आहेत, तेव्हा भाऊंना हसायचं कारण नाही. पण बुडाल्यावर ते जे वागले, ते पाहण्यासारखं आहे. कोपऱ्यात बसले नाहीत. दवाखाना चालू, सभा चालू, आणि भगवानलालांचा प्रवासखर्चही चालू.

भगवानलाल इंद्रजी हे जुनागडचे. १८३९ चा जन्म. गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरची अक्षरं स्वतःच्या स्वतः वाचायला शिकलेला तरुण. फोर्ब्स साहेबांच्या शिफारशीने १८६१ साली तो मुंबईला भाऊंकडे आला. डॉक्टरांना फिरायला सवड नाही, आणि या मुलाला फिरण्याशिवाय दुसरं काही नको. जोडी जमली. पुढची बारा-तेरा वर्षं भगवानलाल हिंदुस्थानभर आणि पार नेपाळपर्यंत हिंडले. लेख दिसला की त्याचा ठसा किंवा नक्कल घ्यायची, नाणं मिळालं की विकत घ्यायचं, पोथी मिळाली तर उतरवून घ्यायची, आणि सगळं डॉक्टरांकडे आणायचं. रात्री रोगी आटोपले की दोघे दिव्यापुढे बसून वाचणार. गुरू नाडीपरीक्षा करणारा आणि शिष्य दगडाची परीक्षा करणारा. दोन्हीकडे नजर एकच लागते, पुसट खुणेवरून आतलं ओळखायची.

या उद्योगातून काय निघालं? अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख भाऊंनी वाचून, अर्थ लावून १८६३ साली एशियाटिक सोसायटीपुढे ठेवले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांचे काळ आणि ग्रंथ यांच्यावर त्यांचा निबंध १८६५ चा, म्हणजे बुडाले त्याच सालचा! कालिदासाविषयीही त्यांनी लिहिलं. कालिदास म्हणजे काश्मीरचा मातृगुप्त, हे त्यांचं मत पुढच्या विद्वानांनी मान्य केलं नाही. चालायचंच.

पण मला सगळ्यात आवडतो तो चाळीसगावजवळचा शोध. चाळीसगावापासून पाच-सहा कोसांवर डोंगराच्या कुशीत पाटणदेवीचं ठाणं आहे. तिथल्या पडक्या देवळात भाऊंना एक शिलालेख सापडला. शके ११२८ चा, यादव राजा सिंघणाच्या वेळचा. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा राजाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, आणि त्या मठाला बाजारातल्या खरेदीविक्रीतून, तेलाच्या घाण्यावरून किती काय द्यायचं ते दगडावर कोरून ठेवलं. शेवटचा मजकूर तर जुन्या मराठीत आहे, संस्कृत न जाणणाऱ्या तेल्यावाण्यालाही कळावा असा. मठ म्हटला की आपल्याला आरती आणि प्रसाद आठवतो. हा मठ गणित शिकवण्यासाठी होता आणि त्याच्या दिव्याला तेल गावच्या घाण्याचं होतं. शाळा, दवाखाना आणि म्युझियम यांसाठी जन्मभर वर्गणी गोळा करणाऱ्या माणसाच्याच हाती हा लेख लागावा, याला योगायोग म्हणा नाहीतर आणखी काही.

आपल्या नाणेघाटाचा लेख इंग्रज साहेबांनी आधी पाहिला होता. कर्नल साईक्स यांनी १८२८ च्या सुमारास त्याची नोंद केली होती. पण नीट वाचून अर्थ लावला तो भगवानलालांनी, भाऊंच्या तालमीत तयार झाल्यावर. सातवाहनांच्या राण्या आणि राजे कोण, सिमुक कोण, सातकर्णी कोण, नागनिकेने कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दान दिले, हे त्यातून कळलं. तिथे दानाच्या नोंदीत जे आकडे कोरले आहेत, त्यांवरून आपले जुने अंक कसे लिहीत, याचा मोठा उलगडा झाला. कल्याणहून बैलांचे तांडे घेऊन वर येणाऱ्या व्यापाऱ्याने जे रोज पाहिलं आणि पुढे हजार-दीड हजार वर्षं कुणालाच वाचता आलं नाही, ते घाटघरच्या डोक्यावर पुन्हा बोलू लागलं. भाऊ तेव्हा हयात नव्हते. भगवानलालांचं हे काम छापून आलं ते त्यांच्या मागे. पण त्या कामाला लागलेलं मीठभाकर डॉक्टरांच्या घरचं होतं.

आता राहिलं महारोगाचं. गुरुचरित्रातली नरहरीची कथा आपल्याला पाठ आहे. अंगावर कोड उठलेला ब्राह्मण, लोक तोंड पाहत नाहीत, कुणी श्राद्धाला बोलवत नाही, आणि श्रीगुरू त्याला वाळलेलं औदुंबराचं लाकूड रोवून पाणी घालायला सांगतात. लोक हसतात, तो पाणी घालतच राहतो. ही कथा वाचताना डोळ्यांत पाणी येतं ते चमत्काराइतकंच त्या माणसाच्या एकटेपणामुळे. त्या काळी महारोग्याला घरातून काढून देत. मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर बोटं झडलेली माणसं बसलेली असत. सगळ्या युरोपातल्या डॉक्टरांकडेही त्या रोगावर औषध नव्हतं. तो वंशाने येतो की हवेने की खाण्याने, यावरच वाद चालू होता.

भाऊंनी जुने संस्कृत वैद्यकग्रंथ काढले. आपल्या लोकांत जी औषधं ऐकिवात होती ती कॉलेजात शिकलेल्या पद्धतीने तपासायची, असा त्यांचा क्रम होता. म्हणजे रोगी निवडायचा, नोंद ठेवायची, पुन्हा पुन्हा पाहायचं. त्यातून ते कडू कवठाच्या बियांच्या तेलाकडे आले. हे झाड आपल्या सह्याद्रीत, कोकणात आणि गोव्यात होतं. काही भागात याला कवटी किंवा खष्ट म्हणतात. फळ बेलाएवढं, आत बिया, बियांना तेल. गरीब लोक ते दिव्यात जाळीत आणि खरजेला लावीत. बंगालकडे याच्याच जातीच्या चालमुगऱ्याचा उपयोग महारोगावर होत असे आणि १८५४ साली कलकत्त्याच्या डॉक्टर मौट यांनी त्याविषयी लिहिलं होतं. भाऊ आपल्या मुलखातल्या झाडाकडे वळले. पेडण्याच्या माणसाला ते परकं कसं असेल?

तेल पोटात घ्यायला महाकठीण, मळमळून ओकारी होते. पण काही रोग्यांचे चट्टे निवळले, बधिर जागी पुन्हा जाणीव आली. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. लांबलांबून माणसं त्यांच्या दारात आली. आणि इथेच भाऊंवर टीकेची झोड उठली. कारण औषध काय आहे, ते त्यांनी लगेच जाहीर केलं नाही. पुरती खात्री झाल्यावरच सांगायचं, असा त्यांचा पवित्रा होता. इतर डॉक्टर म्हणू लागले की गुप्त औषध देणं हे भोंदूचं काम, कॉलेजात शिकलेल्या माणसाचं नव्हे. शास्त्र म्हणजे उघडी पोथी, ज्याला वाचायची त्याने वाचावी.

दोन्ही बाजू मला पटतात, आणि तरी टीकाकारांचं पारडं जड वाटतं. अर्धवट खात्रीचं औषध बाजारात गेलं तर हजार ठिकाणी खोटं तेल विकलं जाईल, ही भाऊंची भीती खरीच होती. पण रोग्यांना थांबायला वेळ नव्हता, आणि भाऊंना स्वतःलाही नव्हता, हे त्यांना कळलं नाही. आपल्या घराघरांत किती वैद्यकी अशीच गेली! आजोबा काविळीचं औषध देत, वनस्पती कुणाला दाखवायची नाही म्हणत, आणि एका सकाळी आजोबाही गेले आणि औषधही. ज्या डॉक्टराने भर कोर्टात रोग्याचं गुपित सांगण्याचं धैर्य दाखवलं, त्याला औषधाचं गुपित वेळेत सांगून टाकणं जमलं नाही.

शेवटी त्यांनाच पक्षाघात झाला. व्यवसाय गेला, लिहिणं गेलं. ज्या बैठकीत दगडावरची अक्षरं उलगडायची, तिथे आता अंथरूण. उपचाराविषयी साद्यंत लिहून प्रसिद्ध करण्याचं काम राहून गेलं. मे १८७४ मध्ये भाऊ वारले. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. त्याच्या आदल्याच वर्षी नॉर्वेमध्ये हॅन्सन नावाच्या डॉक्टरने महारोगाचे जंतू दाखवले होते, म्हणजे हा रोग पापाने नव्हे, वंशानेही नव्हे, जंतूने होतो, हे कळायला सुरुवात झाली होती. भाऊ आणखी दहा वर्षं जगते तर आपलं तेल आणि हॅन्सनचा जंतू एकमेकांसमोर ठेवून पाहते.

त्यांच्या मागे मित्रांनी त्यांच्या पोथ्या आणि नकला एशियाटिक सोसायटीत जपून ठेवल्या. निबंध एकत्र करून १८८८ साली कलकत्त्याला छापले गेले. त्याच साली भगवानलालही गेले. माटुंग्याला भाऊ दाजींच्या नावाचा रस्ता आहे.

आणि कडू कवठाचं तेल? ते मेलं नाही. पुढे हवाई बेटांवर अॅलिस बॉल नावाच्या तरुण मुलीने चालमुगऱ्याच्या तेलापासून सुईने टोचता येईल असं औषध तयार केलं, आणि ओकारीचा त्रास वाचला. त्यानंतर जगभरच्या कुष्ठाश्रमांत, आपल्याकडेही, या जातीच्या बियांच्या तेलाच्या सुया देत असत. १९४० नंतर सल्फोनची नवी औषधं आली तेव्हा ते मागे पडलं. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं महारोग्याच्या दंडात जे टोचलं जाई, ते सह्याद्रीतल्या त्याच कडू फळाच्या गोतावळ्यातलं होतं.